इन्स्टॉलेशनमध्ये नवी डिस्क दिसत नाही? लॅपटॉप पुन्हा खोलण्याआधी बायॉस बघा

लॅपटॉपमध्ये नवी डिस्क बसवली, पेनड्राइव्हवरून विंडोजचं इन्स्टॉलेशन सुरू केलं, भाषा निवडली, अटी मान्य केल्या आणि विंडोज कुठे टाकायचं ते विचारणारं पान उघडलं. यादी कोरी. खाली एवढंच लिहिलेलं, की एकही ड्राइव्ह सापडला नाही, स्टोरेज ड्रायव्हर द्यायचा असेल तर 'लोड ड्रायव्हर' दाबा.

इथे आल्यावर बहुतेक जण एकाच वाटेने जातात. डिस्क काढून परत बसवायची, पेनड्राइव्ह नव्याने बनवायचा, दुसऱ्या पोर्टात लावून बघायचा, आणि तरी यादी कोरीच राहिली की डिस्क सदोष ठरवून परत पाठवायची. बदलून आलेली डिस्कही दिसली नाही की मग संशय लॅपटॉपवर. माझ्या एका मैत्रिणीने अशा दोन डिस्क परत केल्या आणि तिसरी बसवल्यावर लॅपटॉप माझ्याकडे आणला. त्या तिसऱ्या डिस्कला काही झालं नव्हतं, आणि आधीच्या दोघींनाही झालं नसणार. अडचण बायॉसमधल्या, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रॅममधल्या, एका सेटिंगची होती. त्या दोन आठवड्यांत तिचं काम अडून राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं, कारण बायॉसमध्ये एकदा डोकावलं असतं तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवते. 'ड्राइव्ह' आणि 'ड्रायव्हर' हे शब्द घाईत वाचताना एकच वाटतात आणि त्या संदेशात दोन्ही शेजारी शेजारी येतात. ड्राइव्ह म्हणजे तुम्ही बसवलेली वस्तू, ड्रायव्हर म्हणजे त्या वस्तूशी कसं बोलायचं हे विंडोजला शिकवणारी फाइल. इथे मी वस्तूला सरळ डिस्क म्हणणार आहे. एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी नसते हे खरं, पण बोलताना आपण सगळे डिस्कच म्हणतो.

पहिला प्रश्न: बायॉसला डिस्क दिसते का?

बाकी सगळं यावर अवलंबून आहे. बायॉसला डिस्क दिसत असेल तर ती नीट बसली आहे, तिला वीज मिळते आहे आणि ती उत्तरही देते आहे. मग स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याचं काहीच कारण नाही. बायॉसलाच दिसत नसेल तर विंडोजमध्ये कितीही ड्रायव्हर घाला, उपयोग शून्य. हा निवाडा झाल्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चालू करा आणि लगेच बायॉसची कळ दाबत राहा. डेल, एसर आणि असुसवर बहुधा एफ२, एचपीवर एफ१०, लेनोव्होच्या थिंकपॅडवर एफ१ आणि त्यांच्या इतर बऱ्याच मॉडेलांवर एफ२. आत गेल्यावर 'इन्फर्मेशन', 'मेन' किंवा 'स्टोरेज' अशा नावाच्या पानावर डिस्कचं मॉडेल आणि क्षमता शोधा.

इथे हमखास एक चूक होते. लोक 'बूट' पान उघडतात, तिथल्या क्रमवारीत नवी डिस्क दिसत नाही, आणि ती बायॉसलाच दिसत नाही असा निष्कर्ष काढतात. नवी डिस्क कोरी असते. तिच्यावर सुरू करण्याजोगी सिस्टीमच नसते, त्यामुळे यूईएफआय या नव्या पद्धतीच्या अनेक बायॉसमध्ये ती बूटच्या यादीत येत नाही. विंडोज इन्स्टॉल झालं की तिथे 'विंडोज बूट मॅनेजर' ही नोंद आपोआप उमटते. म्हणजे बूटची यादी रिकामी असणं हा दोष नाही. बघायचं ते माहितीचं किंवा स्टोरेजचं पान.

आणखी एक जागा तपासा. इंटेल प्रोसेसरच्या काही लॅपटॉपांत बायॉसमध्ये 'इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' असं वेगळं पान असतं आणि डिस्क तिथे 'नॉन-रेड फिजिकल डिस्क्स' या शीर्षकाखाली दिसते. तुमची डिस्क तिथे सापडली तर बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडलं.

बायॉसला दिसते, इन्स्टॉलरला दिसत नाही

गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर आलेल्या बहुतेक तक्रारी या प्रकारातल्या आहेत, म्हणून इथे जरा थांबते.

एनव्हीएमई डिस्क, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान एसएसडी, साधारणपणे पीसीआय एक्सप्रेस (पीसीआयई) या प्रोसेसरपर्यंत जाणाऱ्या वेगवान मार्गावर थेट बसलेली असते. तिच्याशी बोलण्याची पद्धत प्रमाणित आहे आणि तिचा ड्रायव्हर विंडोज ८.१ पासून विंडोजच्या आतच असतो. म्हणून साध्या मांडणीत वेगळं काही द्यावं लागत नाही, डिस्क लगेच दिसते. पण इंटेलच्या ११व्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून, म्हणजे २०२० पासून, पुष्कळ लॅपटॉप व्हीएमडी चालू ठेवूनच कारखान्यातून येतात. व्हीएमडी म्हणजे व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. ही सोय मुळात सर्व्हरसाठी होती: अनेक एनव्हीएमई डिस्क एकत्र सांभाळणं, चालू यंत्रातून डिस्क काढता-घालता येणं, त्यांचे दिवे नियंत्रित करणं. लॅपटॉपमध्ये ती इंटेलच्या रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा, म्हणजे आरएसटीचा, आधार म्हणून आली.

व्हीएमडी चालू असलं की डिस्क त्याच्या मागे जाते. इन्स्टॉलरला पुढे फक्त व्हीएमडीचा कंट्रोलर दिसतो. जुन्या वाड्याच्या देवडीवर पहारेकरी असावा आणि ओळख पटल्याशिवाय त्याने कुणालाही आत सोडू नये, तसं. वाडा जागेवर आहे, आत माणसंही आहेत, पण देवडी ओलांडता येत नाही. ती ओळख म्हणजे आरएसटीचा ड्रायव्हर. तुमच्या प्रोसेसरच्या पिढीला चालणारा ड्रायव्हर इन्स्टॉलरच्या पोटात असेलच असं नाही. म्हणूनच एकाच पेनड्राइव्हवरून एका लॅपटॉपवर विंडोज सुरळीत चढतं आणि दुसऱ्यावर यादी कोरी येते. अशा वेळी पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा बनवून काही होत नाही, त्यात वेळ घालवू नका.

११व्या पिढीच्या आधीच्या काही लॅपटॉपांतही हेच दुखणं दिसतं, फक्त नाव वेगळं. तिथे बायॉसमध्ये साटाचा, म्हणजे डिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीचा, मोड 'रेड' (अनेक डिस्क एकत्र बांधून वापरण्याची सोय) किंवा 'आरएसटी प्रीमियम' असा ठेवलेला असतो आणि एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या आड लपवली जाते. उपाय दोन्हीकडे सारखेच: एक तर ड्रायव्हर द्या, नाहीतर तो मोड बदला. एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नसतं, त्यामुळे तिथे यादी कोरी आली तर बायॉसमध्ये कुणी रेड चालू केलं आहे का ते आधी बघा, आणि तसं नसेल तर पुढच्या भागांकडे वळा.

ड्रायव्हर कसा द्यायचा

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावर तुमचं नेमकं मॉडेल टाका. ड्रायव्हरच्या यादीत 'स्टोरेज', 'साटा' किंवा 'चिपसेट' या गटात आरएसटीचा ड्रायव्हर मिळतो. त्याच्या नावात कधी कधी 'एफ६' असं लिहिलेलं असतं. विंडोज एक्सपीच्या काळात इन्स्टॉलेशन सुरू होताना एफ६ ही कळ दाबून फ्लॉपीवरून असे ड्रायव्हर द्यावे लागत. कळ गेली, फ्लॉपी गेली, नाव राहिलं. इंटेलच्या संकेतस्थळावरही ड्रायव्हर असतात, पण तिथे एकाच वेळी वेगवेगळ्या पिढ्यांच्या आवृत्त्या असतात आणि सगळ्यात नवी आवृत्ती जुन्या पिढीला चालेलच असं नाही. म्हणून मी नेहमी लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरूनच घेते.

आता खरी मेख. डाउनलोड झालेली फाइल बहुधा ईएक्सई प्रकारची असते. ती तशीच पेनड्राइव्हवर टाकली तर इन्स्टॉलर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि 'साइन केलेले ड्रायव्हर सापडले नाहीत' असा संदेश देतो. मग लोकांना वाटतं की ड्रायव्हरच चुकीचा आहे. ती फाइल दुसऱ्या कंप्युटरवर उलगडावी लागते. बऱ्याच फाइल सेव्हन-झिपने उलगडतात, काही कंपन्यांच्या फाइल चालवल्यावर 'फक्त एक्स्ट्रॅक्ट करा' असा पर्याय येतो. उलगडल्यावर आत आयएनएफ, सिस आणि कॅट अशा शेपट्यांच्या फाइल असलेलं फोल्डर शोधा. व्हीएमडीसाठी ज्या आयएनएफ फाइलचं नाव 'आयएस्टोरव्हीडी' असतं ती हवी. 'आयएस्टोरएसी' या नावाची फाइल साटा-रेडच्या जुन्या मांडणीची आहे. ते पूर्ण फोल्डर विंडोजच्याच पेनड्राइव्हवर ठेवा. त्यातली एखादीच फाइल उचलून चालत नाही, सगळ्या एकत्र लागतात.

इन्स्टॉलरमध्ये परत त्या कोऱ्या यादीपाशी या. 'लोड ड्रायव्हर', मग 'ब्राउझ', आणि ते फोल्डर निवडा. विसंगत ड्रायव्हर लपवण्याच्या चौकटीत टिक राहू द्या. म्हणजे यादीत तुमच्या यंत्राला जुळणारंच नाव उरतं. 'आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर' असं काहीतरी दिसेल आणि पुढे एक सांकेतिक क्रमांक असेल. ११व्या पिढीच्या लॅपटॉपांत तो ९ए०बी असतो, १२व्या पिढीत ४६७एफ. ते निवडून पुढे गेलात की काही सेकंदांत डिस्क यादीत येते. नाही आली तर 'रिफ्रेश' दाबा. विंडोज ११ च्या नव्या रूपातल्या इन्स्टॉलरमध्ये पानाची रचना वेगळी आहे, पण 'लोड ड्रायव्हर' तिथेही आहे.

इथे दिलेला ड्रायव्हर इन्स्टॉल झालेल्या विंडोजमध्येही उतरतो, त्यामुळे पहिल्या रीस्टार्टनंतर विंडोज सुरू होईल का ही काळजी नको. पण ते फोल्डर पेनड्राइव्हवरून पुसू नका. ही अडचण एकदा सुटली म्हणून कायमची जात नाही. पुढे कधी विंडोज दुरुस्त करायला त्याच पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केलात, तर दुरुस्तीच्या साधनांनाही डिस्क दिसणार नाही आणि तिथेही आधी ड्रायव्हर द्यावा लागेल. त्या वेळी तुमच्या फाइल अडकलेल्या असतात आणि दुसरा कंप्युटर हाताशी असेलच असं नाही.

की व्हीएमडी बंदच करायचं?

पुष्कळ जण सांगतात, बायॉसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा, काम झालं. ते चुकीचं नाही. एकच डिस्क असलेल्या आणि पूर्ण नव्याने इन्स्टॉलेशन होणाऱ्या लॅपटॉपवर व्हीएमडी बंद केल्याने काहीही बिघडत नाही, विंडोजचा स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर चांगलं काम करतो. सेटिंग बहुधा 'ॲडव्हान्स्ड' खाली 'व्हीएमडी सेटअप' किंवा 'व्हीएमडी कंट्रोलर' या नावाने असतं. डेलवर 'साटा ऑपरेशन' किंवा 'स्टोरेज' खाली 'रेड ऑन' च्या जागी 'एएचसीआय', म्हणजे रेडशिवायचा साधा मोड, निवडायचा असतो. एसरच्या अनेक लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो, 'मेन' पानावर असताना कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर तो उघडा पडतो. काही लॅपटॉपांत हा पर्याय बायॉसमध्ये दिलेलाच नसतो, तिथे ड्रायव्हर देणं हाच मार्ग.

तरीही मी स्वतः आधी ड्रायव्हर देते, आणि त्यामागे कारण आहे. व्हीएमडी बंद ठेवून विंडोज इन्स्टॉल केलं आणि काही महिन्यांनी बायॉसची सेटिंग मूळ स्थितीला गेली, तर व्हीएमडी परत चालू होतं. सेटिंग अशी मूळ स्थितीला जाते ती कधी बायॉस अपडेटनंतर, कधी दुरुस्तीत बॅटरी पूर्ण सुटल्यावर, कधी कुणी सहज 'लोड डीफॉल्ट्स' दाबल्यावर. पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. समोर जो बसलेला असतो त्याला व्हीएमडीचं नावही माहीत नसतं. डिस्क मेली असं समजून नव्याने विंडोज टाकलं जातं आणि होता नव्हता तो डेटा जातो. हे मी दोनदा जवळून पाहिलं आहे. म्हणून व्हीएमडी बंद केलंच, तर लॅपटॉपच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवा: 'व्हीएमडी बंद ठेवून विंडोज टाकलं आहे, तारीख अमुक'. कुणाला हे फार वाटेल, पण त्या निळ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला ती चिठ्ठी वाचवते.

चालू विंडोज असलेल्या लॅपटॉपवर दुसरी डिस्क बसवताना हा मोड बदलायचा असेल तर जास्त जपून. बदलाआधी दोन कामं करा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लॅपटॉपच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवा, कारण बायॉसमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं. ती नसेल तर आतला डेटा परत मिळत नाही, कोणाकडेही नेला तरी. दुसरं, 'एमएसकॉन्फिग' उघडून 'बूट' टॅबमध्ये 'सेफ बूट' वर टिक करा, रीस्टार्ट करून थेट बायॉसमध्ये जा, मोड बदला, आणि विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या. तेवढ्यात विंडोज नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर जागा करतं. मग तीच टिक काढून पुन्हा रीस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये पिन चालत नसेल तर खात्याचा पासवर्ड लागतो, तोही आधी आठवून ठेवा.

लिनक्स टाकणाऱ्यांसाठी थोडक्यात. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, व्हीएमडीचा ड्रायव्हर बऱ्याच वर्षांपासून आहे, त्यामुळे ११व्या पिढीपुढच्या लॅपटॉपांवर नव्या आवृत्त्यांना डिस्क सहसा दिसते. जुन्या 'रेड' मोडमध्ये मात्र दिसत नाही. टर्मिनलमध्ये 'डीमेसेज' चालवलं तर कर्नल स्वतःच सांगतो, की एनव्हीएमई डिस्क रीमॅप झालेली आढळली आहे, बायॉसमध्ये रेडऐवजी एएचसीआय निवडा. इतका स्पष्ट संदेश असताना लोक डिस्क खोलत बसतात, कारण तो कुणी उघडून बघत नाही. त्याच लॅपटॉपवर आधीपासून विंडोज असेल तर वर सांगितलेला सेफ मोडचा मार्ग आधी, मग मोड.

बायॉसलाही दिसत नाही

आता स्क्रू ड्रायव्हर. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, आणि आत शक्य असेल तर बॅटरीचा कनेक्टरही सोडवा. पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. अंगावरची स्थिर वीज घालवायला एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावा.

डिस्क एम.२ प्रकारची असेल, म्हणजे च्युइंग गमच्या पट्टीसारखी लांबट, तर ती थोडी तिरकी धरून स्लॉटमध्ये सरकवायची असते आणि मग खाली दाबून टोकाला स्क्रू लावायचा असतो. पूर्ण आत गेली की सोनेरी पट्ट्यांचा जेमतेम काठ बाहेर राहतो. अर्धी पट्टी दिसत असेल तर ती बसलेलीच नाही. वरून स्क्रू लागला म्हणजे डिस्क नीट बसली असं नसतं, हे मी शिकवताना आधी सांगते.

ती नीट बसूनही दिसत नसेल तर सगळ्यात मोठा संशय जातीचा. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्याच आकारात दोन जातीच्या डिस्क मिळतात: एक साटा पद्धतीने बोलणारी, दुसरी एनव्हीएमई. काही स्लॉट दोन्ही घेतात, काही फक्त एनव्हीएमई, आणि जुन्या काही लॅपटॉपांत फक्त साटा. खाचा बघितल्या तर अंदाज येतो. एनव्हीएमई डिस्कला बहुधा एकच खाच असते, एम बाजूची. साटावाल्या एम.२ डिस्कला बहुधा दोन खाचा असतात, बी आणि एम दोन्ही. दोन खाचांची डिस्क एम स्लॉटमध्ये अगदी व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, पण तो स्लॉट फक्त एनव्हीएमईचा असेल तर बायॉसला ती कधीच दिसणार नाही. ना डिस्कचा दोष, ना लॅपटॉपचा. खाचा हा अंदाज झाला, खात्री म्हणजे डिस्कच्या लेबलवर आणि लॅपटॉपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. मॅन्युअलमध्ये प्रत्येक स्लॉटपुढे पीसीआयई की साटा ते दिलेलं असतं, डिस्क घेण्याआधी ते पान वाचणं सगळ्यात स्वस्त.

लांबीही बघा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, २२४२ म्हणजे ४२ मिलिमीटर लांब, २२३० म्हणजे ३०. लहान डिस्क मोठ्या जागेत बसवताना स्क्रूचा खांब योग्य ठिकाणी हलवावा लागतो, नाहीतर डिस्कचं टोक वर राहतं आणि संपर्क अर्धवट होतो. वायफाय कार्डाचा स्लॉटही एम.२ च असतो, पण त्याची खाच वेगळी, तो डिस्कसाठी नाही. मोबाइल इंटरनेटच्या कार्डासाठी ठेवलेला बी स्लॉट डिस्क घेईलच असंही धरून चालू नका.

पीसीआयईच्या आवृत्तीचा मात्र बाऊ नको. चौथ्या आवृत्तीची डिस्क तिसऱ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये चालते, फक्त वेग स्लॉटचा राहतो.

अडीच इंची साटा डिस्क असेल तर लक्ष केबलवर. अनेक लॅपटॉपांत डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये पातळ फीत असते. तिची मदरबोर्डकडची बाजू डिस्क बदलताना ओढली जाऊन सैल होते, कधी घडीच्या जागी आतून तुटते आणि बाहेरून काही कळत नाही. जुनी डिस्क त्याच फितीवर लावून बघा. तीही दिसली नाही तर फीत बदला, नव्या डिस्कला दोष देऊ नका. ७ मिलिमीटर जाडीची डिस्क ९.५ मिलिमीटरच्या जागेत हलत असेल तर सोबत येणारी चौकट लावा, नाहीतर कनेक्टर सैल होत राहतो.

एवढं करून बायॉस अजून गप्प असेल तर डिस्क यूएसबी एन्क्लोजरमध्ये, म्हणजे डिस्क बाहेरून लावायच्या डबीत, घालून दुसऱ्या कंप्युटरला लावा. एन्क्लोजर जातीप्रमाणे घ्या, साटाचं एन्क्लोजर एनव्हीएमई डिस्क वाचत नाही. तिथे फाइल एक्सप्लोररमध्ये न बघता 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. कोऱ्या डिस्कवर पार्टिशन नसतं, त्यामुळे एक्सप्लोररमध्ये ती येतच नाही, डिस्क मॅनेजमेंट मात्र तिला 'अनअलोकेटेड' म्हणून दाखवतं आणि इनिशियलाइझ करायचं का ते विचारतं. तिथे दिसली तर डिस्क जिवंत आहे, मग स्लॉट, जात किंवा बायॉसची जुनी आवृत्ती यांपैकी काहीतरी आड येतंय. तिथेही नाही आणि स्लॉटमध्येही नाही, तर आता ती निश्चिंत मनाने परत करा.

दिसते, पण पुढे जाऊ देत नाही

यादीत डिस्क आहे आणि 'या डिस्कवर विंडोज इन्स्टॉल करता येत नाही' असा संदेश येतो. कारण खालच्या ओळीत दिलेलं असतं, ते वाचा. जीपीटी किंवा एमबीआर (डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवण्याची अनुक्रमे नवी आणि जुनी पद्धत) यांचा उल्लेख असेल तर पेनड्राइव्ह आणि डिस्क वेगवेगळ्या पद्धतीत आहेत. बूट मेनूमध्ये तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यातली 'यूईएफआय' लिहिलेली नोंद निवडा आणि डिस्क जीपीटी ठेवा. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला एमबीआर पुरतच नाही.

दुसऱ्या यंत्रातून आलेल्या डिस्कवर जुन्या रेडचे किंवा पार्टिशनचे अवशेष असतात. शिफ्ट आणि एफ१० दाबा, काही लॅपटॉपांवर सोबत एफएन कळही लागते. काळी खिडकी उघडेल. तिथे 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट डिस्क', मग 'सिलेक्ट डिस्क' आणि क्रमांक, मग 'क्लीन', शेवटी 'कन्व्हर्ट जीपीटी'. 'क्लीन' विचारत नाही, थेट पुसतं. यादीत पेनड्राइव्ह आणि दुसरी डिस्कही असतात, त्यामुळे क्रमांक क्षमतेवरून पडताळा. दोन डिस्क सारख्याच क्षमतेच्या असतील तर जिच्यावर डेटा आहे ती लॅपटॉपमधून काढूनच हे करा.

'कंप्युटरला लागणारा मीडिया ड्रायव्हर नाही' असा संदेश सुरुवातीलाच आला, तर तो बहुधा नव्या डिस्कबद्दल नसतो. पेनड्राइव्ह नीट वाचता येत नाही असा त्याचा अर्थ. पोर्ट बदला, आयएसओ फाइल पुन्हा उतरवा. पेनड्राइव्ह नव्याने बनवायचा तो इथे.

मध्येच गायब होणारी डिस्क

सगळ्यात चिवट प्रकार हा. डिस्क दिसते, फाइल उतरायला लागतात, आणि मध्येच ०x८००७०२५डी किंवा ०x८००७०५७० असा आकडा येऊन थांबतं. पुन्हा सुरू केल्यावर डिस्क कधी असते, कधी नसते. या आकड्यांमागे खराब पेनड्राइव्ह किंवा सदोष रॅमही असू शकते, म्हणून आधी पेनड्राइव्ह बदला आणि रॅमची एकेक पट्टी ठेवून बघा. तरी तेच झालं तर डिस्कचा स्क्रू, फीत आणि उष्णता तपासा. एनव्हीएमई डिस्क काम करताना चांगली तापते, आणि उष्णता ओढून घेणारं पॅड झाकणाला लागत नसेल तर ती वेग कमी करते, कधी बंदही पडते. लिनक्समध्ये हेच 'कंट्रोलर इज डाउन' अशा ओळीने दिसतं. तिथे काही डिस्कना वीज वाचवण्याची एपीएसटी ही सोय मानवत नाही आणि ती बंद केली की डिस्क स्थिर होते. डिस्क बनवणाऱ्या कंपनीने नवं फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर, दिलं असेल तर तेही चढवा, पण डेटाची प्रत काढूनच.

यातून काहीच जमलं नाही आणि कुणाची मदत मागायची वेळ आली, तर 'नवी डिस्क दिसत नाही' एवढंच लिहू नका. लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, प्रोसेसरचं नाव, डिस्कच्या लेबलवरचा पूर्ण क्रमांक, बायॉसच्या कोणत्या पानावर ती दिसते किंवा दिसत नाही, व्हीएमडी किंवा रेड चालू आहे का, आणि इन्स्टॉलरने दाखवलेली ओळ जशीच्या तशी. एवढं दिलंत तर समोरच्याला एका उत्तरात सांगता येतं.